छोट्या इलेक्ट्रिक विमानाचे पुशरॉड: झेड बेंड, स्टॉपर की क्लेव्हिस?

विज्ञानवाल्या_बाई

नमस्कार मंडळी. नागपूरच्या आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांबरोबर डेप्रॉनचं (पातळ फोमचं) रेडिओवर चालणारं एक ट्रेनर विमान बांधतेय. पंख एक मीटर, बॅटरी धरून वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, नऊ ग्रॅमवाले चार सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी): दोन एलेरॉनला (पंखांच्या पट्ट्या), एक एलिव्हेटरला (शेपटीची आडवी पट्टी), एक रडरला (उभी पट्टी). परीक्षा आटोपल्या की एप्रिलमध्ये एका मुलीचा मामा येऊन उडवणार आहे. त्याचा हात बसलेला आहे, त्यामुळे उडवण्याची काळजी नाही. काळजी आहे ती सर्व्होपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या तारांची, म्हणजे पुशरॉडची.

किटमध्ये १ मिमीच्या तारा, पितळी स्टॉपरचं पुडकं (तार स्क्रूने आवळणारे), नायलॉनचे क्लेव्हिस (तारेच्या टोकाच्या चिमट्या), प्लॅस्टिकचे हॉर्न (पट्टीवर बसवायचे भोकांचे तुकडे) असं सगळंच थोडंथोडं आलंय आणि माहितीपत्रक चिनी भाषेत. शेपटीकडच्या तारा ४५ सेंमी लांब आहेत, पोटातून मोकळ्याच जातात. एलिव्हेटर बोटांत धरून स्टिक हलवली की सर्व्हो फिरतो, तार मध्येच कमान धरते आणि एलिव्हेटर जागचा हलत नाही. दुकानदार म्हणाला स्टॉपर लावा, सगळ्यात सोपं. मामा फोनवर म्हणाला स्टॉपरला हात लावू नका. कोणाचं ऐकू? आणि विमान दहा मुलांच्या हातांतून फिरणार, तेव्हा काहीही सुटता कामा नये.

रिकामटेकडा

वाचतोय. माझ्याकडेही बहुतेक हेच किट पडून आहे.

जुना_ग्लो

बाई, एलिव्हेटर बोटांत धरून पाहिलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण जमिनीवर स्टिक हलवतात, मागची पट्टी वरखाली झाली की खूश होतात. जमिनीवर त्या पट्टीला अडवायला हवा नसते ना.

स्टॉपर की क्लेव्हिस हा वाद नंतर घालू. आधी तार. तार ओढली तर कितीही बारीक असली तरी ओढली जाते, ढकलली की वाकते. विमान सूर मारत खाली येतंय, वेग वाढलाय, तुम्ही जीव खाऊन अप देताय. एलिव्हेटरवर सगळ्यात जास्त जोर तेव्हाच येतो. तेव्हा तार पोटात वाकली तर स्टिक पूर्ण मागे असूनही नाक वर येत नाही. मग सापळा उचलून आणल्यावर सर्व्होही चालतो, रेडिओही चालतो आणि मंडळी निकाल देतात, ‘सिग्नल गेला’. मला हे ‘सिग्नल गेला’ प्रकरण फारसं पटत नाही. आधी पोट उघडून तार बघावी.

म्हणून पहिली गोष्ट, एलिव्हेटरचा हॉर्न शक्यतो वरच्या बाजूला लावा. हॉर्न वर असला की अप देताना तार ओढली जाते आणि डाउन देताना ढकलली जाते. खाली लावलात तर उलट. तार पोटातून बाहेर काढायला जागाच नसेल तर खालचा हॉर्नही चालतो, पण मग तारेला आधार दिल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधार म्हणजे दर १०-१२ सेंमीवर एक नळीचा तुकडा. थ्रीडी प्रिंटरला लागते ती पांढरी पीटीएफई नळी, आतून २ मिमी, बाहेरून ४ मिमी, मीटरवर मिळते. नाहीतर कान साफ करायच्या बडची पोकळ काडी. तार आत सैल सरकली पाहिजे, नळ्या एका रेषेत हव्यात. सर्व्होची वायर काढून तार हाताने मागेपुढे करून बघा. कुठे अडकली तर ती नळी चुकीच्या जागी आहे.

सुतारपक्षी

जुना_ग्लो यांच्या म्हणण्याला आकडे जोडतो.

ढकलताना तार किती जोराला वाकेल हे लांबीच्या वर्गावर ठरतं. बरोबर मध्यावर एक पक्का आधार दिला की मोकळी लांबी निम्मी होते आणि तीच तार चौपट जोर सोसते. जाडीचा हिशोब तर चौथ्या घाताचा. १ ऐवजी १.२ मिमी तार घेतली तर ताठपणा दुपटीहून किंचित जास्त. मग २ मिमीचीच का नको? कारण ४५ सेंमीची १.२ मिमी पोलादी तार ४ ग्रॅम भरते आणि २ मिमीची ११ ग्रॅम. शेपटीच्या अंगाला आलेल्या प्रत्येक ग्रॅममागे नाकात दोन-तीन ग्रॅम भरावे लागतात, नाहीतर गुरुत्वमध्य मागे सरकतो.

माझी पसंती वेगळीच आहे: २ मिमीची भरीव कार्बन काडी. तेवढ्याच लांबीला अडीच ग्रॅमच्या आत आणि १.२ मिमी पोलादापेक्षा साधारण पाचपट ताठ. दोन्ही टोकांना १.२ मिमी तारेचे तुकडे जोडायचे. तार आणि काडी अडीच सेंमी एकमेकींवर चढवायची, दोन्हीवर पॉलिश पेपर मारायचा, वरून साधा शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळायचा, दोऱ्यात पातळ सुपरग्लू मुरू द्यायचा आणि त्यावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). नुसत्या हीट श्रिंकवर विसंबू नका, तार आतून हळूहळू सरकते. हे काम विमानाबाहेर टेबलावर करा, सुपरग्लूचा थेंब डेप्रॉनवर पडला तर तिथे खड्डा.

महालचा_पतंग

कार्बन कायले पाहिजे जी? पतंगाची कामटी घ्या. महालात, इतवारीत कोणत्याही पतंगवाल्याकडे भेटते. सरळ पाहून घ्यायची, गाठ नको, दोन्ही टोकाले तार बांधून दोरा गुंडाळला की झालं. मी त तेच वापरून राह्यलो. पतंगाचा दोराही घरातच रायते.

आन रडरले काडीच नको. दोन्ही बाजूनं दोरा लावा, एक डावीकडून ओढते एक उजवीकडून. वजन शून्य. नायलॉन मांजा पडला असन घरी त तोच.

सुतारपक्षी

कामटीला माझा आक्षेप नाही. जाड घ्या मात्र. पतंगाची कमानीची कामटी मुद्दाम वाकण्यासाठी तासलेली असते आणि आपल्याला नेमकं ते नकोय. मधल्या ठड्ड्याची चालेल.

नायलॉन मांजा नको. एक तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच त्यावर देशभर बंदी घातली आहे, शाळेच्या प्रकल्पात तो दिसणं बरं नाही. दुसरं, नायलॉन ताणतो. सकाळी ताठ बसवलेला दोरा दुपारी लोंबतो. दोऱ्याची जोडी करायचीच तर मासेमारीचा विणलेला दोरा घ्या, ब्रेडेड म्हणून मिळतो, तो जवळजवळ ताणत नाही.

महालचा_पतंग

मांज्याचं मान्य हाय भाऊ. माझ्या मोठ्या भावाच्या गळ्याले गाडीवर लागला होता संक्रांतीत, थोडक्यात वाचला. उगाच लिहून गेलो.

पुण्याचा_पाहुणा

एवढा खटाटोप कशाला? हॉर्न हॉट ग्लूने चिकटवा, स्टॉपर लावा, उडवा. माझी सगळी फोमची विमानं अशीच आहेत.

जुना_ग्लो

पाहुणे, पुण्यात चालत असेल. आमच्याकडे नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ पार जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून बराच वर. ग्लू गनची काडी तिथे मऊ पडायला लागते. हॉर्न दिसायला जागेवर असतो, हात लावला की डोलतो. सर्व्हो हॉट ग्लूने बसवले असतील तर तेही. नंतर झाडाखाली नेलं की ग्लू पुन्हा कडक होतो, पण आता हॉर्न अर्धा मिलिमीटर सरकलेला. ट्रिम (पट्टीची मधली जागा) बदललं म्हणून माणूस ट्रान्समीटरवर बटणं दाबत बसतो.

बाई, हॉर्नसाठी अराल्डाइट वापरा, रात्रभर सुकू द्या. किटमधल्या हॉर्नला मागून दाबपट्टी आणि स्क्रू असतील तर आणखी चांगलं. स्क्रू डेप्रॉनच्या आरपार जाऊन दाबपट्टीत रुतला पाहिजे, नुसत्या फोममध्ये रुतलेल्या स्क्रूला काही अर्थ नाही. हॉर्नखाली फोम दबत असेल तर तिथे पातळ प्लायचा किंवा जुन्या पीसीबीचा (सर्किटच्या पाटीचा) चौकोन चिकटवा. पीसीबीचे हॉर्नही छान होतात. एटीएम कार्डाचे हॉर्न करणारे बरेच आहेत. मी सांगत नाही, कार्ड पिळवटतं.

आणि हॉर्नची भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर आली पाहिजेत, पुढे नाही, मागे नाही. मागेपुढे झाली तर वर आणि खाली सारखं हलत नाही.

पुण्याचा_पाहुणा

बरं बाबा, नागपूरचं ऊन जिंकलं. :) पण स्टॉपरला काय झालं? जगभरच्या किटमध्ये येतात.

मिहानकर

स्टॉपरबद्दल मी लिहितो. मिहानमध्ये मोठ्या विमानांच्या देखभालीत काम करतो, सुट्टीच्या दिवशी फोमची छोटी.

स्टॉपर मुळात वाईट नाही. त्यात सुटण्यासारख्या दोन गोष्टी आहेत एवढंच. वरचा ग्रब स्क्रू सैल झाला की तार सरकते. खालचा नट फिरला की अख्खा स्टॉपर सर्व्होच्या आर्ममधून (फिरणाऱ्या पात्यातून) निघतो. त्यात एक विरोध आहे: स्टॉपरला आर्ममध्ये फिरता आलं पाहिजे, म्हणजे नट करकचून आवळता येत नाही, म्हणजे तो फिरून निघायला मोकळा. मोटरची थरथर ते काम करते.

लावायचाच तर असा लावा. नट इतका आवळा की स्टॉपर फिरेल पण डुलणार नाही, मग नटाच्या आट्यांवर टाचणीच्या टोकाने लॉकिंगचा (आटे धरून ठेवणाऱ्या द्रावाचा) थेंब. ग्रब स्क्रू जिथे तारेवर बसतो तिथे कानशीने तार किंचित चपटी करा, गोल तारेवर स्क्रू घसरतो. आणि तार स्टॉपरच्या पलीकडे सेंटिमीटरभर जास्त ठेवून तिचं टोक वाकवा. समजा स्क्रू सुटलाच, तर तार आतून निसटून जाणार नाही. ट्रिम बिघडेल, विमान वेडंवाकडं येईल, पण येईल.

मोठ्या विमानात प्रत्येक जोडाला दुसरं काहीतरी धरून असतं. नट असेल तर त्यात कॉटर पिन, बोल्ट असेल तर लॉक वायर. आणि कंट्रोलच्या यंत्रणेला हात लागला की ते काम दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय विमान सुटत नाही. ज्याने जोडलं त्याला आपली चूक दिसत नाही, दुसऱ्याला दिसते. तुमच्याकडे तर दहा जण आहेत. जोडणारा एक, तपासणारी दुसरी, असं करून बघा.

विज्ञानवाल्या_बाई

जोडणारा एक, तपासणारी दुसरी, हे फार आवडलं. उद्याच करते, भांडणं होणार ते वेगळं.

मग शेवटी काय लावू? सर्व्होच्या बाजूला एक आणि शेपटीच्या बाजूला दुसरं असं काही असतं का? आणि आर्मला तीन-चार भोकं आहेत, हॉर्नलाही. कोणतं धरायचं?

जुना_ग्लो

सर्व्होच्या बाजूला झेड बेंड (तारेचं टोकच झेडसारखं वाकवून भोकात ओवायचं), हॉर्नच्या बाजूला क्लेव्हिस. झेड बेंड हा या सगळ्यातला एकमेव जोड ज्यात सुटा भागच नाही, त्यामुळे हरवायला काही नाही. अडचण एकच, लांबी कमीजास्त करता येत नाही. ते काम दुसऱ्या टोकाचा क्लेव्हिस करतो, आट्यांवर फिरवायचा. क्लेव्हिस आट्यांवर पुरेसा आत चढलेला हवा. टोकाला दोन आट्यांवर लटकलेला असेल तर तार लहान पडलीय, नवी करा. क्लेव्हिसची चिमटी मिटली की तिच्यावर सिलिकॉन नळीचं छोटं कडं चढवा. कडं आधी तारेवर ओवून ठेवायचं, नंतर जात नाही. ज्याला हे आठवत नाही तो क्लेव्हिस पुन्हा उघडतो, शिव्या देतो आणि ओवतो.

किटच्या १ मिमी तारेला आटे नसतील. मग आटे पाडलेलं २ मिमीचं छोटं टोक, कपलर, मिळतं ते सुतारपक्षी म्हणतात तसं दोरा गुंडाळून जोडा. नाहीतर हॉर्नच्याही बाजूला झेड बेंड करा आणि तारेच्या मध्ये एक व्ही आकाराचं वळण ठेवा. व्ही दाबला की तार लहान, उघडला की मोठी. दिसायला गबाळं, पण चालतं. व्ही आधारांच्या बाहेर ठेवा आणि लांब तारेवर हा उपाय नको, तिथे व्हीच वाकतो. एलेरॉनच्या पाच-सहा सेंमीच्या तारांना मात्र उत्तम.

एल बेंड आणि प्लॅस्टिकची क्लिप हाही सभ्य उपाय आहे. क्लिप तारेच्या जाडीचीच घ्या. १.५ मिमीची क्लिप १ मिमी तारेवर बसल्यासारखी वाटते, बसलेली नसते.

माझ्या काळी धातूच्या क्लेव्हिसला आम्ही घाबरायचो, धातूवर धातू घासला की जुन्या रेडिओत खरखर यायची आणि सर्व्हो थरथरायचे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये ती भानगड उरलेली नाही. तुमच्या वजनाला नायलॉनचे पुरतात.

सुतारपक्षी

भोकांचं सांगतो, माझ्या मते जोड कोणता यापेक्षा हेच महत्त्वाचं आहे.

आर्मवर आतलं भोक, हॉर्नवर बाहेरचं. इथून सुरुवात करा. समजा आर्मचं भोक मध्यापासून ८ मिमीवर आणि हॉर्नचं बिजागरीपासून १४ मिमीवर. सर्व्हो ४५ अंश फिरला तर एलिव्हेटर साधारण २४ अंश हलतो. ट्रेनरला तेवढंही जास्तच आहे. दोन्ही ८ मिमीवर घेतले तर एलिव्हेटर पूर्ण ४५ अंश हलणार. मग लोक काय करतात, ट्रान्समीटरमध्ये रेट, म्हणजे हालचालीचं प्रमाण, निम्म्याखाली आणतात. सर्व्होचा निम्मा प्रवास वाया, ताकद वाया, आणि दात्यांमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तसाच्या तसा. आधी भोकं बदलून हालचाल कमी करावी, उरलेलं बारीक काम रेटवर सोडावं.

प्लेचा हिशोबही बघा. भोक १.५ मिमी आणि तार १.२ मिमी असेल तर ०.३ मिमी मोकळीक. हॉर्नवर ८ मिमीच्या भोकात ती २ अंशांहून जास्त होते, १४ मिमीच्या भोकात सव्वा अंशाच्या आसपास. क्रूझला, म्हणजे सरळ उडताना, एलिव्हेटर दोन-तीन अंशच हलतो, त्यात दोन अंश ढिला असेल तर विमान नाक वरखाली करत पोहत राहतं. आणि वेगात ढिली पट्टी फडफडायला लागली तर फ्लटर. कानाला भर्रर्र असा आवाज येतो. तो आला की थ्रॉटल ताबडतोब बंद, हळू उतरवा आणि बिजागऱ्या तपासा. थांबून बघू म्हणालात तर पट्टी सुटून जाते.

म्हणून भोक तारेच्याच मापाचं पाडा. नऊ ग्रॅम सर्व्होच्या आर्मची भोकं बारीक असतात, १ किंवा १.२ मिमीचं ड्रिल बोटांत फिरवून मोठी करायची. तापवलेल्या सुईने नको, भोक लंबगोल होतं.

रिकामटेकडा

आर्मच्या मधला स्क्रू कोणीच लिहिला नाही. सर्व्होच्या पुडीत सगळ्यात बारका असतो तो.

जुना_ग्लो

खरंय, आणि तोच लोक विसरतात. आर्म दात्यांवर घट्ट बसतो, त्यामुळे स्क्रूशिवायही चालल्यासारखा वाटतो. क्रम असा: आधी रेडिओ चालू करून सर्व्हो मध्यावर आणा, ट्रिम शून्यावर, मग आर्म तारेशी काटकोनात बसवा, मग स्क्रू. दात्यांमुळे अगदी काटकोन जमत नाही, आर्म उलटा करून किंवा दुसरा पाय वापरून जवळात जवळ आणा, उरलेला अंश ट्रान्समीटरच्या सबट्रिमवर (सर्व्होचा मध्य सरकवायची सोय).

महालचा_पतंग

ताई, उडवनार कुठं हाय? सोनेगावचं विमानतळ शहरातच येते. डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी) नकाशावर जागा पाहूनच जा, आन शाळेच्या लेटरहेडवर परवानगीचं विचारून ठेवा. पोट्ट्यांसमोर पोलिसायनं अडवलं त वाईट वाटते.

विज्ञानवाल्या_बाई

नकाशा पाहिला. शाळेचं मैदान लाल पट्ट्यात येतंय, तिथे नाहीच. बुटीबोरीच्या पुढे एका पालकांचं शेत आहे, कापूस निघून गेलाय, सकाळी सहाला जाणार.

विमानाचं ठरलं ते असं. एलिव्हेटरला २ मिमी कार्बन काडी, वरच्या बाजूचा हॉर्न, मध्ये काडी सैल सरकेल अशा, आतून २ मिमीहून मोठ्या तीन पीटीएफई नळ्या. रडरला मुलांच्या हट्टाखातर कामटी. मुलगे म्हणतात टिकेल, मुली म्हणतात तुटेल. एलेरॉनला १ मिमी तारा, झेड आणि व्ही. स्टॉपर परत पुडक्यात. तपासणीच्या जोड्याही लावल्यात.

एकच राहिलं. झेड आणि क्लेव्हिसमुळे लॉकिंगचा थेंब आता फारसा लागत नाही, पण सर्व्होच्या स्क्रूंना लावू का? मामाची लॉकिंगची निळी बाटली आहे.

मिहानकर

सर्व्होच्या आसपास निळी बाटली आणू नका. प्लॅस्टिकात रुतणाऱ्या स्क्रूला तिचा उपयोग नाही, ती धातूच्या आट्यांसाठी आहे. शिवाय सर्व्होची डबी ज्या प्लॅस्टिकची असते त्यातल्या काहींना तिच्याने तडे जातात. लगेच नाही, काही दिवसांनी, स्क्रूच्या भोकापासून सुरू होऊन. आर्मचा स्क्रू हलक्या हाताने आवळा, हवंच असेल तर डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका तडकलेला दिसला की स्क्रू फिरलाय हे मुलांनाही कळेल.

महालचा_पतंग

नेलपॉलिश लाल घ्या जी, पांढऱ्या आर्मवर लांबून दिसते. आन कामटीचं काय झालं ते एप्रिलमध्ये इथं लिहा, मी मुलग्यांच्या बाजूनं हाय.